पहिला चेहरा

फॉर्मवर सहा चेहरे छापलेत ओळीने.
पहिला हसरा, शेवटचा ढसाढसा रडणारा.
पोट जेवढं दुखतं, त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं.

उलोरियाक, वय सात,
प्रश्न पुरा व्हायच्या आत पहिल्यावर बोट ठेवतो.
पोट तट्ट फुगतं? पहिला.
मळमळतं? पहिला.
शी पातळ होते, धावत जावं लागतं?
इथे तो क्षणभर आजोबांकडे बघतो.
मग पहिलाच.

सकाळचे आठ. सिसिमिउतला नोव्हेंबर,
खिडकीत अजून रात्रच उभी.
पोर काल संध्याकाळपासून उपाशी.
मी साखरेचं पाणी देते, वजनाप्रमाणे मोजून,
आणि फुंकायला पिशवी.
दर अर्ध्या तासाने एक फुंकर, तीन तास.
फुगा फुगवतोस तशी नको, मी सांगते,
गोठलेल्या काचेला भोक पाडून
बोटी बघतोस ना, तशी.
हळू. अगदी शेवटपर्यंत.
हे त्याला लगेच कळतं.

चार, यंत्र म्हणतं.
मग पाच.
मग परत चार.

बावीस वर्षं मी मुलांना हे विचारतेय.
मुलं उत्तर पोटात शोधत नाहीत,
तुमच्या चेहऱ्यावर शोधतात.
परवा एका मुलीचं नुसत्या पाण्याने दुखलं,
आणि ते दुखणं खोटं नव्हतं.
ह्याचं उलटं.
पोटात एक, ओठात एक.

शनिवारी ह्याच्या मावसभावाकडे काफेमिक आहे,
सगळं गाव येणार, बूट दाराबाहेर,
टेबलावर केक, केकशेजारी केक.
गेल्या वेळी हा मध्येच उठून गेला होता
आणि दुसऱ्या कुणाची तरी पँट घालून परत आला.
मला हे त्याच्या आईने फोनवर सांगितलं,
आवाज खाली आणून,
भिंतीपलीकडे तो झोपला असावा.

छपराच्या पत्र्यावर कावळे चालतात,
नखं वाजतात टिक टिक.
भुकेने पोटात कावळे ओरडतात, ते वेगळं.
मी कान लावते त्याच्या बेंबीखाली:
कुणीतरी तिथे किटली चढवलीय,
झाकण थडथडतंय.
न पचलेली साखर खाली उतरलीय,
जिवाणूंची पंगत बसलीय,
आणि त्यांनी सोडलेला वायू
रक्तातून छातीत, छातीतून घशात,
निघालाय त्याच ओठांकडे
जे म्हणतात, काही होत नाहीये.

फुंक.
एकोणतीस.

आता कसं वाटतंय?
पहिला चेहरा. पण बोट थोडं ओलं.

फुंक.
त्रेसष्ट.
तो आकडा वाचतो. शाळेत शंभरपर्यंत शिकलाय.
जास्त म्हणजे चांगलं? तो विचारतो.
मी पेन शोधू लागते. पेन माझ्या हातातच असतं.

शेवटच्या फुंकरीआधी तो बाकावर झोपून जातो,
गुडघे पोटाशी आवळून,
जाळ्यातून काढलेल्या कोळंबीसारखा.
मूल म्हणतं: त्रास नाही, मी लिहिते.
खाली, जिथे रकाना नाही तिथे, गुडघ्यांचं लिहिते.

आजोबा हान्सेराक तीन तास बोललेले नाहीत.
सीलच्या कातड्याची टोपी मांडीवर, मांजर घ्यावं तशी.
आता टोपीलाच सांगितल्यासारखं म्हणतात:
मलाही नाही मानवली कधी साखर.
बोटीवर सगळे कॉफीत चार-चार खडे टाकायचे,
मी वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहायचो.
हसायचे. मीही हसायचो.
डॉक्टरांना नाही सांगितलं?
विचारलं कुठे कुणी.

मग हात पुढे करून तो कागद मागतात.
चष्मा नाही, म्हणून लांब धरतात,
सहाही चेहरे नीट बघतात, घाई नाही,
आणि अंगठा टेकवतात.
दोऱ्यांनी कापलेला, रुंद, फुटलेल्या नखाचा अंगठा:
चौथा की पाचवा, मला दिसत नाही.
दोन्ही त्याखाली झाकले गेलेत.